बोर्ड रिकामा, सर

कॉटन ग्रीनला पोस्टिंग आली तेव्हा आईने शिरा केला. फौजेतल्या सतरा वर्षांच्या नोकरीत मी बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं, आणि आता ड्युटीची जागा लालबागच्या आमच्या चाळीपासून चालत अर्ध्या तासावर होती. आईला वाटलं, पोरगा एकदाचा सुरक्षित जागी आला. मलाही तसंच वाटलं होतं.

कापसाच्या जुन्या गोदामांमागे आमचं कंपाउंड होतं. आत जाड भिंतींची एक शेड होती. तिथे हायपरसॉनिक क्षेपणास्त्राच्या कवचाची चाचणी चालायची. मी इंजिनिअर नाही, मला जेवढं समजावलं तेवढंच सांगतो. हे अस्त्र ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाने जातं. त्या वेगात हवाच त्याला जाळायला उठते, म्हणून त्याच्या नाकावरचं कवच आधी जमिनीवर तपासायचं. कवचाचा हातभर तुकडा स्टँडवर आवळून बसवायचा आणि त्याच्यावर तापलेल्या हवेचा झोत सोडायचा. झोत चालायचा सहा सेकंद. त्या सहा सेकंदांसाठी कॉम्प्रेसर दोन दिवस टाक्यांत हवा भरत घरघरायचा. दाब चढत आला की छपरावरची कबुतरं आपणहून उडून जायची. आम्ही त्यावरून थट्टा करायचो, पण त्या वेळी शेडजवळ रेंगाळायला कोणालाच आवडायचं नाही.

मी हवालदार होतो आणि शेडची सेफ्टी माझ्याकडे होती. दारापाशी खिळ्यांचा बोर्ड होता. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्यावर लावायचा आणि बाहेर येताना स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. बोर्ड रिकामा म्हणजे शेड रिकामी. मी तसं कळवल्याशिवाय कंट्रोल रूममधले मेजर साहेब बटणाला हात लावत नसत.

आमच्या युनिटमधला नाईक गजानन तोरसकर आमच्याच चाळीतला. त्याची खोली आमच्या खोलीला लागून. आमचे दोघांचे वडील एकाच गिरणीत, एकाच पाळीला. तिथेही हजेरीचे बिल्ले होते. गजाच्या वडिलांना उशीर झाला की माझे वडील त्यांचा बिल्ला टाकायचे, आणि माझ्या वडिलांना झाला की ते. पकडले गेले असते तर दोघांची नोकरी गेली असती. तरी आमच्या चाळीत शेजारधर्म म्हणतात तो हाच, हे आम्ही दोघं लहानपणापासून बघत आलो होतो.

त्या दिवशी चाचणी चौदा तीसला होती. चौदा दहाला शेड खाली करायची ऑर्डर आली. एकेक जण बिल्ला काढून गेला. गजा सगळ्यात शेवटी आला. दोन्ही हातांत हत्यारांची जड पेटी होती.

"माझा पण काढ रे, दत्त्या," तो म्हणाला.

मी काढला आणि माझ्या बिल्ल्याबरोबर खिशात टाकला. ऑर्डर मला तोंडपाठ होती. ती मीच दर सोमवारी सगळ्यांना वाचून दाखवायचो. पण गजाचा बिल्ला म्हणजे मला परका वाटलाच नाही.

पुढचं दार मी बंद केलं. मग कुंपणाला फेरी मारून मागच्या दाराशी गेलो. ट्रॉलीसाठी ते उघडं होतं. आत डोकावून बघायची सक्ती नव्हती, कारण त्यासाठीच तर बोर्ड होता. मी कडी घातली, वर कुलूप लावलं. कबुतरं केव्हाच गेली होती.

चौदा अठ्ठावीसला वॉकीटॉकीवर मेजर साहेबांचा आवाज आला.

"सेफ्टी, बोर्ड?"

"बोर्ड रिकामा, सर."

"पक्का?"

"पक्का, सर."

सायरन वाजला. त्यात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, असं मला नंतर पुष्कळ जणांनी सांगितलं. सहा सेकंद पायाखालची फरशी थरथरली आणि थांबली. कंट्रोल रूममधून टाळ्या ऐकू आल्या. कवच टिकलं होतं.

आम्ही बाहेर चहा प्यायचो त्या जागी गजाची पेटी उघडी पडलेली होती. एका पान्याची खाच रिकामी. ती पाहिली आणि मी मागच्या दाराकडे धावलो. कुलूप उघडलं.

आत जे दिसलं त्याबद्दल मी एवढंच सांगेन की पाना गजाच्या हातात होता. कॅमेऱ्याची नजर फक्त कवचावर होती. रेकॉर्डिंगमध्ये झोताच्या आधी एक हात येतो, स्टँडवरचा पाना उचलतो आणि जातो. तो पाना तिथेच राहिला असता तर गोळीसारखा उडून कंट्रोल रूमच्या काचेवर गेला असता. आत अकरा माणसं होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सुरुवातीचा समज असा झाला की नाईक तोरसकर आपला बिल्ला काढून बाहेर पडला आणि नंतर बिल्ला न लावता बेकायदा आत शिरला. म्हणजे चूक मेलेल्याची. त्याचा बिल्ला माझ्या खिशात आहे हे कोणालाही माहीत नव्हतं. मी दोन दिवस गप्प बसलो. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी मी गजाचा बिल्ला टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं: पान्यासाठी मागच्या दाराने परत जाताना बोर्डावर लावायला बिल्ला त्याच्याकडे नव्हताच. त्याच्या नावावरचा ठपका पुसला गेला. माझं प्रमोशन थांबलं, हवालदार म्हणूनच निवृत्त झालो. तक्रार नाही.

बिल्ला गजाच्या बायकोकडे, सुनंदावहिनीकडे आला. तिने तो दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला लावला. कडी मीच घातली होती, हे तिला मी स्वतः सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग चहा ठेवायला आत गेली.

आता ही अस्त्रं टीव्हीवर दिसतात. चाळीत लोक कौतुकाने बघतात, मला दोन शब्द बोलायला बोलावतात. मी गजाचं नाव घेतो आणि खाली बसतो.

दरवर्षी त्या तारखेला मी शेजारी जातो. गेल्या वर्षी पाहिलं तर पितळ काळं पडलं होतं. घासून आणावं म्हणून मी बिल्ल्याकडे हात नेला. वहिनी मोरीपाशी भांडी घासत होती. तिने मान वर केली.

"हात लावू नकात, भावजी," ती आपल्या मालवणीत म्हणाली. "ह्येंचो बिल्लो आसा. ह्येंनीच काढूक व्हयो."

मी हात मागे घेतला.