कारल्याच्या काचऱ्या

सुनेनं डब्यातलं सॉसेज तव्यावर टाकलं आणि त्या धुरकट वासानं मला जुनी खोली आठवली.

नवा मास्तर असताना मी कलबुर्गीत भाड्यानं राहायचो. आईनं मेहकरहून चान्या आणल्या होत्या, चुलीवरच्या धुरात वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या. वासावर शाकाहारी घरमालकीणबाई दारात आल्या.

"कसला वास यायलाय, मास्तर?"

"कारल्याच्या काचऱ्या हायत, अक्का."

"मग मलाबी द्या की मूठभर."

आईच मधे बोलली, "बुरशी धरलीय बाई त्याला," आणि सगळं गाठोडं तिनं रस्त्यावरच्या कुत्र्यापुढं ओतलं. पुन्हा तिनं चान्या कधी आणल्या नाहीत.

"मामा, तुमच्या घरी असलं काही करायचे का?" सुनेनं विचारलं.

आजही माझ्या तोंडून "न्हाई"च निघालं.