पाच जणींची पाच नामं

माझी मोठी बहीण अकोल्यात अंगणवाडी सेविका आहे. मी अमरावतीला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. साहजिकच तिच्या पर्यवेक्षिकेच्या परीक्षेतलं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. वयाच्या अटीमुळं तिची ही शेवटचीच संधी होती, म्हणून दर रविवारी सकाळची गाडी पकडून मी जठारपेठेत तिच्या घरी हजर.

पहिल्या रविवारी नामाचे प्रकार समजावले. विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक. चिखलदरा विशेषनाम, डोंगर सामान्यनाम, इतकं सोपं करून. दुसऱ्या रविवारी विचारलं तर बाईसाहेबांना फक्त समूहवाचक येत होतं. तेवढं मात्र घडाघडा.

"अन् बाकीचे चार?"

"ते त्या चौघीइकडे हायत," ती शांतपणे म्हणाली.

परीक्षेला बसणाऱ्या पाच सेविकांनी नामाचे पाच प्रकार आपसात वाटून घेतले होते. घरोघरची पाहणी असो की रजिस्टरं, यांचं सगळं काम असंच चालतं. जिला जे जमतं ते ती करते, बाकीच्या तिला विचारतात. मी कपाळावर हात मारला. अगं, परीक्षेच्या हॉलमध्ये काय मैत्रिणीला हाक मारणार आहेस? तर म्हणे, पेपरच्या आधी एकमेकींना समजावून देऊ. माझं डोकंच फिरलं. त्या चौघींचा नाद सोड, जे अडेल ते मला विचार, असं मी तिला बजावलं.

तिनं ऐकलं. पुढचे सगळे रविवार मी विचारायचो, ती चुकायची, मी वही आपटायचो. माझी अकरावीची पोरं परवडली तुझ्यापेक्षा, असंही बोललो. शेवटी शेवटी ती शंकाच काढेना, नुसती मान हलवायची. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं.

निकाल लागला. त्या चौघी पास झाल्या, ही थोडक्यात राहिली. भाववाचक नामाचे प्रश्न तिनं कोरेच सोडले होते. मी पुन्हा भडकलो. समजलं नव्हतं तर मले विचारलं काहून नाही?

ती कणीक मळत होती. हात थांबले, पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"त्याइले इचारू नको, असं तूच म्हणे. अन् तुले इचाराचं मले भेव वाटे."