कोर्ट उठेपर्यंत

“कबूल बोललीस का सुटलीस. उद्या पहाटे ग्राउंडला जायला मोकली.”

ठाणे कोर्टाच्या पॅसेजमधल्या बाकावर बसून एक मावशी आपल्या मुलीला हळू आवाजात सांगत होत्या. मी बाकाच्या टोकाशी फाइल धरून उभी होते. त्या आमच्याच क्लायंट. पण हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं.

ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी तयारी. मी ठाकुर्लीला राहते. आमच्या बिल्डिंगमागच्या मैदानावर रोज सकाळी मुलं-मुली धावायला आणि गोळा फेकायला येतात, त्यामुळे हा शब्द मला माहीत होता. फाइलमध्ये मात्र ‘शिक्षण बारावी, व्यवसाय मासेविक्री’ एवढंच लिहिलेलं होतं.

मुलीला इथे दर्शना म्हणते. वय तेवीस, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मी तेव्हा माजिवड्याच्या एका सीनियर वकिलांकडे ज्युनियर होते. वकिलीचं दुसरं वर्ष. ज्युनियरचं काम म्हणजे फाइल धरायची, तारीख घ्यायची आणि सर दुसऱ्या कोर्टात अडकले की त्यांच्या जागी उभं राहायचं. मला यातलं फाइल धरणं चांगलं जमायचं. माझं शिक्षण डोंबिवलीच्या इंग्लिश मीडियममध्ये झालं. ‘फिर्यादी’ म्हणजे तक्रार देणारा, हे मी एलएलबीला गेल्यावर शिकले. कोर्टात मराठी वाक्य तोंडातून काढण्याआधी मी ते मनात दोनदा म्हणून बघायचे. तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

केस साधी होती. मासळी बाजारात ओट्याच्या जागेवरून दोन घरांत भांडण झालं. ओटा म्हणजे मासे विकायला बसायची सिमेंटची बैठक. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची जागा त्याची, पण कागद कुणाकडेच नाही. शब्दाला शब्द लागला, टोपल्या उलटल्या, केस ओढले गेले. पोलिसांनी दोन्ही बाजूंच्या मिळून पाच जणींवर एकच गुन्हा लावला. सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग केली.

अशा केसमध्ये अडचण अशी की हे भांडण आपसात मिटवून केस काढून घेता येत नाही. गुन्हा कायद्याच्या दृष्टीने शेजारणीविरुद्ध नसतो, सार्वजनिक शांततेविरुद्ध असतो. शेजारीण माफ करू शकते. शांतता कुणाला माफ करणार? मग दोनच वाटा उरतात. गुन्हा नाकबूल करून केस लढवायची किंवा कबूल करून त्याच दिवशी संपवायची.

मावशी बाटलीत पाणी भरायला गेल्या तेव्हा दर्शना माझ्याकडे सरकली.

“मॅडम, एक विचारू? कबूल नाही बोलले तर आत टाकतील का?”

“नाही. तुझा जामीन झालेला आहे. केस चालेल, तारखा पडतील.”

“मग मलाच सिद्ध करावं लागेल ना, की मी कुणाला मारलं नाही?”

“नाही. तू मारलंस, हे त्यांनी सिद्ध करायचं. तू काही न बोलता गप्प राहिलीस तरी चालतं. गप्प राहिलं म्हणजे कबूल केलं, असं होत नाही.”

“मी आईला मागे ओढत होते. व्हिडिओत पण दिसतंय तसंच.”

“कुठला व्हिडिओ?”

“बाजारातल्या एकाने काढलाय. सरांना बोललेली मी. ते बोलले, गरज नाही त्याची.”

पुढचा प्रश्न ती विचारेल, असं मला वाटलं. कबूल केलं तर माझ्या भरतीचं काय? तिने तो विचारला नाही. तिला तो माहीतच नव्हता, तर विचारणार कशी? उत्तर मला माहीत होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात कोळीवाड्याचे नाना आले.

नाना तिथले पंच. पांढरा सदरा आणि खिशात चष्मा. त्यांनीच दोन्ही घरं समोरासमोर बसवून भांडण मिटवलं होतं. त्यांच्याकडे मिटवायची रीत अशी की कोण खरं, कोण खोटं याचा निवाडा करायचा नाही. दोघांनी देवीपुढे नारळ ठेवायचा आणि दोघांनी चूक मानायची. सारखी.

“बग गो पोरी,” नाना दर्शनाला म्हणाले, “दोन्ही घरांचा नारल एकत्र फुटलाय. पाचीच्या पाची जनी एका सुरात कबूल बोलाचा. एक जरी नाय बोलली तरी समझोता मोडला. परत टोपल्या उलटतील.”

“हो नाना.”

समोरच्या बाकावर दुसऱ्या घरातल्या तिघी बसल्या होत्या. त्यातली वयस्कर बाई तिकडूनच म्हणाली, “दर्शे, सायब इचारंल तवा लाजू नको. तुजी आय तर बाजारात लाजत नाय.”

“तुज्याकडनंच शिकलंय मी,” मावशींनी परत येता येता उत्तर दिलं. सगळ्या हसल्या. भांडण खरंच मिटलं होतं. चांगलं मिटलं होतं.

माझ्या डोक्यात मात्र वेगळं चाललं होतं. कोळीवाड्यात चूक मानली की माणूस मोकळा होतो. कोर्टात गुन्हा कबूल केला की माणूस दोषी ठरतो. दंड किरकोळ असला तरी ती शिक्षाच असते आणि पोलीस खात्याच्या चारित्र्य पडताळणीत ती दिसते. मी पॅसेजच्या टोकाला जाऊन सरांना फोन लावला.

“सर, त्यातली मुलगी पोलीस भरतीची तयारी करतेय.”

“बरं मग?”

“कन्व्हिक्शन होईल ना तिचं.”

“अगं, पेटी मॅटर आहे, किरकोळ. दिवसाला अशा किती कबुल्या होतात तिथे, बघतेस ना? कुणाचं काय बिघडलंय? आणि ती एकटी नाकबूल झाली तर बाकीच्या चौघींचं काय? नानांनी किती क्लायंट दिलेत आपल्याला, माहितेय ना तुला? मी सेशन्समध्ये आहे. तू उभी राहा, दोन मिनिटांचं काम आहे.”

“पण सर...”

“व्हिडिओ वगैरे डोक्यात घेऊ नकोस. ठेवतो.”

सर वाईट माणूस नव्हते. मला ड्राफ्टिंग त्यांनीच शिकवलं. गरिबांच्या किती केस त्यांनी फुकट लढवल्या, ते मी पाहिलंय. आणि ते म्हणाले त्यात तथ्यही होतं. बहुतेकांचं खरंच काही बिघडत नाही. ज्याला सरकारी नोकरी, पासपोर्ट, व्हिसा असलं काही करायचं नसतं, त्याला त्या कबुलीची पुन्हा आठवणही होत नाही.

पण दर्शना त्या बहुतेकांतली नव्हती, आणि त्या पॅसेजमध्ये हे फक्त मला ठाऊक होतं. तिला बाजूला घेऊन सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी मनात वाक्य जुळवलं. मग दिसले नाना, हसणाऱ्या बायका, सरांचा ‘ठेवतो’. इतकं सगळं जुळलेलं असताना मी कोण मोडणारी, असं वाटलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं कारण इतकं उदात्त नव्हतं. सगळ्यांच्या देखत बोलायची मला भीती वाटली.

पुकारा झाला. पाच जणी ओळीने उभ्या राहिल्या.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी गुन्हा वाचून दाखवला आणि प्रत्येकीला विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

“कबूल.” पाच वेळा.

“कुणी दबाव टाकला? कबुलीचे परिणाम माहीत आहेत?”

पाच माना, पहिल्या प्रश्नाला आडव्या, दुसऱ्याला उभ्या हलल्या. साहेब तसे काळजीपूर्वक काम करणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, समजावलंय ना त्यांना?”

मी म्हणाले, “येस सर.”

दिवसभरात कोर्टासमोर मी एवढंच बोलले. ते रोजनाम्यात गेलं. रोजनामा म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय घडलं, त्याची अधिकृत नोंद.

शिक्षा झाली ती दंड आणि ‘टिल रायझिंग ऑफ द कोर्ट’, म्हणजे कोर्ट उठेपर्यंत कैद. ऐकायला मोठं वाटतं, पण प्रत्यक्षात आरोपीने संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथेच बसायचं. ना बेडी, ना कोठडी. शिरस्तेदारांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि पाच जणी जाऊन बसल्या. दंडाची पावती मिळायला वेळ लागतो म्हणून बसवलंय, असा त्या पाच जणींचा समज होता. थोड्या वेळाने पाकीटभर चणे त्या बाकावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरू लागले. भांडलेल्या दोन बाया एकाच पाकिटात हात घालत होत्या. शिपाई ओरडला, तेव्हा पाकीट पदराखाली गेलं.

दर्शना मोबाइलमध्ये धावण्याची वेळ लिहिलेली यादी बघत होती. ती त्या क्षणी कैद भोगत होती, पण हे तिला माहीत नव्हतं. मला होतं. साडेपाचला साहेब उठले. जाताना ती मला म्हणाली, “थँक्यू मॅडम. लवकर झालं.”

वर्षभराने ती माजिवड्याच्या ऑफिसात आली. एकटीच. मैदानी परीक्षा झाली होती, लेखी झाली होती, यादीत नाव लागलं होतं. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, तुम्हाला कधी न्यायालयाने शिक्षा केली आहे का? तिने ‘नाही’ लिहिलं. तिच्या मते तिला दंड झाला होता. शिक्षा म्हणजे जेल, आणि जेलमध्ये ती कधी गेली नव्हती. पोलीस स्टेशनच्या रेकॉर्डवर मात्र दोन्ही होतं, दंड आणि कैद. म्हणजे एक तर शिक्षा, त्यात ती लपवली. निवड रद्द झाली.

“सर, मी लपवलं नाही काही,” ती म्हणत होती. “मला माहीतच नव्हतं. तुम्ही बोललेलात, दंड भरला की संपलं.”

सरांनी जुन्या फाइलमधून रोजनाम्याची प्रत काढली. मग म्हणाले, “रोजनाम्यात स्पष्ट आहे बाळा. तुला समजावून सांगितलं होतं.”

“कुणी?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दर्शनाने पाहिलं. मी पाणी आणायला आत गेले.

गुन्हा स्वतः कबूल केला असेल तर त्या शिक्षेविरुद्ध अपील जवळजवळ नसतंच. एक वाट राहते, ती रिव्हिजनची. म्हणजे वरच्या कोर्टाला सांगायचं की खालच्या कोर्टातली कबुली समजून-उमजून दिलेली नव्हती, तेव्हा ती तपासा. सरांनी ते काम घेतलं नाही. घेणं शक्यही नव्हतं. स्वतःच्याच ऑफिसविरुद्ध बोलावं लागलं असतं. मी दर्शनाला गुपचूप दुसऱ्या एका वकील मॅडमचा नंबर दिला. त्यांनी रिव्हिजन दाखल केली, मुदत टळली होती म्हणून उशीर माफ करायचा अर्जही केला. मला त्या म्हणाल्या, “रोजनामा आपल्या विरुद्ध आहे. तुझं ॲफिडेव्हिट मिळालं तर केस उभी राहते. नाही तर कठीण आहे.”

मी म्हणाले, विचार करते.

ऑफिसात सर म्हणाले, “ॲफिडेव्हिट देशील तर तुझ्याच तोंडाने लिहून देशील की तू कोर्टाला खोटं सांगितलंस. पुढे तीस वर्षं याच कोर्टात उभं राहायचंय तुला. विचार कर.”

मी दोन महिने विचारच केला.

निकाल इथेच सांगून टाकते. सेशन्स कोर्टाने ती कबुली आणि शिक्षा रद्द केली आणि केस पुन्हा खाली पाठवली. तिथे तिच्या तारखा अजून चालू आहेत. एकीची कबुली गेली तशी समझोत्याची गाठही सैल झाली. दोन्ही घरं पुन्हा बोलत नाहीत, असं ऐकते. दर्शनाची भरतीतली जागा तोवर यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. पुढच्या भरतीचा फॉर्म तिने भरला नाही. वय अजून बसतंय, असं मी तिला दोनदा कळवलं. दुसऱ्यांदा तिने ‘बघू’ एवढंच लिहिलं. ती आता आईबरोबर ओट्यावर बसते. सरांनी माझ्याशी बोलणं थांबवलं नाही, फक्त फाइली देणं थांबवलं. आता मी कल्याणला बसते.

लोक मला नेहमी विचारतात, एफआयआर झाली म्हणजे आपण गुन्हेगार का? नाही. पोलिसांनी बोलावलं तर वकील सोबत नेता येतो का? येतो, तो तुमचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर? सरकारकडून मोफत मिळतो. ही उत्तरं सोपी आहेत. पण जो प्रश्न माणसाला सुचत नाही, त्याचंही उत्तर त्याला देणं हे वकिलाचं काम आहे. आता ‘कबूल’ म्हणायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते, पुढे काय करायचंय आयुष्यात? काही जण चिडतात. केसशी काय संबंध, म्हणतात.

रिव्हिजनच्या सुनावणीला मी मागच्या रांगेत बसले होते. माझं तिथे काही काम नव्हतं. दर्शना दोन रांगा पुढे होती. तिने मला पाहिलं आणि ओळख न दाखवता मान वळवली. तिच्या वकील मॅडमचा युक्तिवाद चांगला चालला होता, पण सेशन्स जजनी रोजनामा वर उचलून धरला.

“इथे स्वच्छ लिहिलंय. वकिलांनी समजावलं, आरोपीला समजलं. हे खोटं आहे असं मी कशावरून म्हणू? त्या दिवशी कोण वकील हजर होते?”

वकील मॅडमनी मागे वळून पाहिलं नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेवढा निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला होता.

मी उठले. वाक्य मनात म्हणून बघितलं नव्हतं.

“मी होते, सर. शिक्षा लागली तर हिची पोलीस भरती जाईल, हे मला माहीत होतं. मी हिला ते सांगितलं नाही, आणि कोर्टाला सांगितलं की समजावलंय.”