मालनचे वीस आकडे

दुपारी आपल्याला झोप लागत नाही, असं अनसूयाबाई गावभर सांगत असतात. त्यांचं घोरणं ऐकलेली माणसंसुद्धा त्यावर मान डोलावतात, कारण निम्म्या गावाला बाईंनी पाढे शिकवलेत, आता त्यांच्याशी हुज्जत कोण घालणार? तर आत्ताही त्या झोपलेल्या नाहीत. सोप्यात आरामखुर्चीवर नुसत्या डोळे मिटून पडल्यात. कवळी खिडकीतल्या वाटीत, पाण्यात. मांडीवर वही उघडी. हातात सकाळीच दुकानातून आणलेली कोरी करकरीत पेन्सिल. आणि वहीतली एक ओळ अशी, की ती खोडायला सकाळपासून त्यांचा हात धजत नाही.

ओळ काय आहे ते सांगून टाकतो, म्हणजे तुमची चुटपूट नको. बाई आणि त्यांची भावजय मालन कृष्णेच्या काठानं, गावच्या घाटापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत, सतरा वर्षं पाखरं बघत फिरल्या. थंडी म्हणू नका, ऊन म्हणू नका. मालनचा नवरा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, कधीच देवाघरी गेला होता, बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि घरात राहिल्या या दोघी. पाखरांचा नाद बाईंचा. मालन आधी नुसती चहाचा थर्मास धरून मागं यायची, पण वर्षभरात तिची नजर बाईंच्या पुढं गेली, हे बाईंना मनातून ठाऊक होतं आणि तोंडानं कबूल नव्हतं.

दुर्बीण एकच. म्हणून पाळी लावलेली. एकीनं बघायचं, दुसरीनं वीस आकडे मोजायचे, की दुर्बीण बदलायची. आणि नियम असा, की दोघींनी पाहिल्याशिवाय वहीत नोंद नाही. प्रत्येक पाखराच्या नावापुढं दोन अक्षरं, 'अ' आणि 'मा'. मालन चौथीपर्यंत शिकलेली. आपलं 'मा' काढायच्या आधी ती पेन्सिलीचं मागचं टोक दाताखाली धरून कुरतडायची. घरात एकही पेन्सिल मागून धड नव्हती. "मालन, चावू नकोस!" हे वाक्य बाई दिवसातून किती वेळा म्हणाल्या असतील त्याला हिशेब नाही.

तीन वर्षांपूर्वी, माघात, बंधाऱ्याखालच्या वाळूवर मालनचे वीस आकडे चालू होते. बाई मोजत होत्या. बारावर मालन ओरडली, "वन्सं, ह्यो बगा! खालची चोच ही लांब, नारिंगी, पाण्यात बुडवून चाललाय, नांगर धरल्यागत!" बाईंनी दुर्बीण हिसकून घेतली तेव्हा लांब जाणारे दोन पंख तेवढे दिसले. "नदी सुरय आहे," बाई म्हणाल्या. "चोचीत मासा असेल." मालन म्हणाली, "मासा न्हवता वन्सं." बाई म्हणाल्या, "सुरय." वहीत तेच लिहिलं, पुढं 'अ' काढला आणि वही मालनपुढं सरकवली. मालननं पेन्सिल चावली नाही. गप्प 'मा' काढलं.

त्याच संध्याकाळी बाईंनी पाखरांचं पुस्तक उघडलं आणि चित्र समोर आलं. पाणचिरा. लांब खालची चोच, नारिंगी, पाण्यात बुडवून उडणारा. आपल्या काठावर कधी कुणी न पाहिलेला. बाईंनी चिमूटभर तपकीर ओढली, पुस्तक मिटलं आणि भाकरी खायला गेल्या. उद्या सांगू म्हणाल्या. उद्याचा परवा झाला. त्याच पावसाळ्यात मालन चार दिवसांच्या तापानं गेली.

आणि उद्या सकाळी नऊला तालुक्याच्या कॉलेजातल्या माणगावे मॅडम वही न्यायला येणार आहेत. खोऱ्यातल्या पाखरांची यादी छापायची आहे त्यांना. एकदा वही गेली की त्या ओळीत सुरय तो सुरयच राहणार. आणि खोडावं, तर नियम आडवा येतो. बाईंनी पाणचिरा पाहिलेलाच नाही. सतरा वर्षांत एकीच्या डोळ्यांवर एकही नोंद झालेली नाही. या विचारात बाईंचे डोळे जड होतात, आणि पंख्याचा आवाज हळूहळू पाण्यासारखा व्हायला लागतो.

"उठा वन्सं, ऊन कललं."

मागच्या दारातून मालन येते. काखेत थर्मास, पायात त्याच निळ्या स्लिपरा, डोक्यावर पदर. बाईंना मुळीच नवल वाटत नाही. उशीर केलास एवढं तेवढं वाटतं.

"कुठं होतीस गं?"

"कुटं म्हंजे? तुमचं घोरणं थांबायची वाट बगत हुते."

"मी घोरत नाही."

"न्हाई कशा! धोबी पाखरं उडून गेली की समदी."

बाई वही उचलतात, पेन्सिल कानावर खोचतात, आणि सोप्याची पायरी उतरतात. ती पायरी घाटाची निघते. कोवळं ऊन आहे, थंडी बोटांत शिरतीय, पाण्यावर धुकं निजलंय. पायरीपायरीवर धोबी शेपट्या हलवत फिरतायत, दिवाळीला आलेले पाहुणे अजून गेलेले नाहीत. पलीकडं शेकाटे लांब लाल पायांवर उभे आहेत. मालन भराभर नावं घेते, बाई मान डोलावतात. दोघींच्या तोंडातून वाफ निघते आणि मालनला हसू येतं, दर थंडीत यायचं तसंच.

"चला, बंधाऱ्याकडं जाऊ," मालन म्हणते.

"बंधाऱ्याकडं नको," बाई म्हणतात. "तिथं काही नसतं."

"तितंच तर असतंय."

घाटाची पुढची पायरी तापलेली आहे. चैत्र आहे. नदी आटून एका कडेला गेलीय, आणि वाळूत कलिंगडाच्या वेलांमधून दोघी चालतायत. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत टिवटिव करतीय. मालन वाकते, गोट्यांत पडलेली चार अंडी दाखवते. गोटे कुठले आणि अंडी कुठली, बाईंना कळत नाही. पूर्वीही कळायचं नाही. "पाय जपून," मालन म्हणते, आणि बाईंचा हात धरते. हात गार आहे, ताप उतरल्यावर असतो तसा.

बाई हात सोडत नाहीत.

वाळू संपते तिथं बाईंचा चौथीचा वर्ग आहे. बाकांखालून नदी वाहतीय. फळ्याच्या वरच्या कडेवर वेडे राघू ओळीनं बसलेत, हजेरीला बसल्यासारखे. खिडकीतून बाभळ आत आलीय आणि फांदीला सुगरणींची घरटी लोंबतायत, म्हणजे श्रावण लागला असणार. शेवटच्या बाकावर मालन जाऊन बसते. मांडी घालून, अगदी ऐटीत.

"बाई, वही दाखवा," ती म्हणते.

"कशाला?"

"माघाचं पान बगायचंय मला."

आयुष्यभर बाईंनी पोरांच्या वह्या तपासल्या, पण आपली वही कुणाला तपासायला दिली नाही. त्या वही पाठीमागं धरतात, थेट पहिलीतल्या पोरीसारखी.

"काही नाही त्यात."

"मग लपवताय कशापायी?"

"मालन, मला त्रास देऊ नकोस."

"मी कवा दिला?" मालन म्हणते, आणि हे ती रागानं म्हणत नाही, खरंच विचारते. पाणी बाकांच्या वर आलंय. वेडे राघू एकदम उडतात आणि फळा पुसल्यासारखा होतो.

आता दोघी बंधाऱ्यावर उभ्या आहेत. माघ आहे. कसा आला ते विचारू नका, पण तोच माघ आहे, तीच सकाळ. बंधाऱ्याच्या भिंतीवर स्वयंपाकघरातली फळी ठोकलेली आहे, फळीवर डबे, आणि हळदीच्या डब्यावर बसून कवड्या खंड्या पाण्याकडं टक लावून बघतोय. खाली पाणी संथ आहे. मालन थर्मास उघडते, झाकणात चहा ओतते, बाईंपुढं धरते.

आणि बाईंच्यानं राहवत नाही.

"तो सुरय नव्हता, मालन."

मालन थर्मासला बूच लावते.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पुस्तकात बघितलं. तू म्हणालीस तसाच होता, हुबेहूब. मला कळलं आणि मी पुस्तक मिटलं. तुझं खरं ठरलं ते मला सोसवलं नाही. मी तुला शिकवलं ना पाखरं बघायला, मग तू माझ्या आधी बघायचं, आणि असलं दुर्मीळ! जीव जळला माझा. दुसऱ्या दिवशी सांगणार होते. रोज सांगणार होते."

"मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुमाला कळलंय ते. दुसऱ्या दिशी पुस्तकावरची धूळ झाडत हुते. पान उघडलं तर बरूबर त्याच चित्रावर तपकीर सांडल्याली. शिंका आल्या मला. चार."

बाई तिच्याकडं बघतच राहतात. हातातला चहा सांडतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगशीला म्हणून वाट बगत हुते," मालन म्हणते. "मग ताप आला."

बाईंना रडू कोसळतं. पोरांसमोर, माणसांसमोर, भावाच्या तिरडीसमोरसुद्धा ज्या बाईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, ती बंधाऱ्यावर हुंदके देऊन रडते, आणि कवड्या खंड्या मान वाकडी करून तिच्याकडं बघतो. मालन पदरानं बाईंचं तोंड पुसते, नाकाखालची तपकीरही पुसते. "आता पुरे," म्हणते. "डोळं भरलं म्हंजी दुर्बिणीत काय दिसायचं? घ्या. माझी पाळी हुती तवा. माझं वीस आकडं तुमाला."

ती दुर्बीण बाईंच्या गळ्यात घालते आणि मोजायला लागते. एक. दोन. तीन.

बाई पाण्यावर नजर लावतात. धुकं आहे. एक बगळा आहे. सात, आठ. लाटेवरची पांढरी रेघ आहे, ती पाखरू नव्हे. बारा. "त्यो बगा!" मालन ओरडते. "आला! तुमच्या म्होरनंच चाललाय!" बाई दुर्बीण इकडं फिरवतात, तिकडं फिरवतात. पाणी दिसतं. नुसतं पाणी. सतरा. अठरा. एकोणीस.

"वीस," मालन म्हणते. "दिसला?"

हो म्हणणं किती सोपं आहे. हो म्हटलं की नियम राहतो, ओळ सुधारते, उद्याची काळजी मिटते. बाई दुर्बीण खाली घेतात.

"नाही दिसला."

"मला दिसला," मालन म्हणते.

"तुला दिसला ना?"

"व्हय."

"मग झालं," बाई म्हणतात. "मी लिहिते."

मालन इतकी खुलते, की बाईंना सतरा वर्षांतली तिची सगळी तोंडं एकदम आठवतात. ती बाईंच्या कानावरची पेन्सिल काढून घेते. मागचं टोक दाताखाली धरते.

"मालन, चावू नकोस!"

"बरं," मालन म्हणते आणि चावत राहते. हळदीच्या डब्यावरचा खंड्या सूर मारतो, पाणी उडतं, बाईंच्या तोंडावर शिंतोडे येतात.

तोंड ओलं आहे. बाईंचं तोंड खरंच ओलं आहे, गालावरून पाणी मानेपर्यंत आलंय. पंखा फिरतोय. साडेचार वाजलेत. गल्लीतून दूधवाल्याची सायकल जाते. सोप्यात कुणी नाही.

वही मांडीवर तशीच. पेन्सिल मुठीत. बाई ती सरळ धरायला जातात आणि बोटाला काहीतरी खडबडीत लागतं. त्या चष्मा लावून बघतात. मागच्या टोकाचा रंग गेलाय. लाकडात दातांच्या खुणा आहेत, वर दोन, खाली दोन, चांगल्या खोल.

बाई हिरड्यांवरून जीभ फिरवतात. एकीकडून दुसरीकडं. मग खिडकीकडं बघतात. वाटीतल्या पाण्यात कवळी आहे तिथंच आहे.

मग पेन्सिलीला टोक करतात, माघाचं पान काढतात, आणि 'नदी सुरय' वर एक सरळ रेघ मारतात. वर सुवाच्य अक्षरात लिहितात, पाणचिरा, एक, बंधाऱ्याखाली. पुढची दोन अक्षरं बघतात. आपला 'अ' त्या नीट गिरवून खोडतात, अगदी दिसेनासा होईपर्यंत. 'मा' तेवढं ठेवतात.

"किती वेळा सांगितलं, चावू नये म्हणून," त्या मोठ्यानं म्हणतात. वही उद्यासाठी टेबलावर ठेवतात, आणि पेन्सिल पदराच्या गाठीत बांधून घेतात.