चूक न काढणाऱ्या अक्का

लग्न होऊन मी तमिळनाडूहून जळगावात, पिंप्राळ्याला आले, तेव्हा मला मराठी येत नव्हतं. शेजारच्या अक्का माझ्याशी अहिराणीतच बोलायच्या, सावकाश, हातातली वस्तू दाखवत. मी "दूध आली" म्हटलं, की त्या म्हणायच्या, "दूध उनं का? बरं." 'आलं'ला त्यांच्या बोलीत 'उनं'. चूक कधी काढली नाही. पुढे शिक्षिका होताना मी वाचलं, की दुसरी भाषा शिकणाऱ्याचे कान आधी उघडतात, तोंड मागून. आणि कुणी हसेल या भीतीने दोन्ही मिटतात. तेव्हा मी मनातल्या मनात अक्कांना हात जोडले.

एकदा गच्चीवर गल्लीतल्या बायकांबरोबर पापड लाटताना मी म्हणाले, "माझी आई पण करायचा. आता गेला."

दोघीतिघी हसल्या. मी मान खाली घालून लाटत राहिले. अक्कांनी लाटणं खाली ठेवलं.

"कव्हय गयी तुनी माय?" त्यांनी मला विचारलं. मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "बोलू द्या तिले."

मला शब्द सापडेपर्यंत त्या थांबल्या. आई गेल्यापासून मी तिच्याबद्दल इथे कुणाशीच बोलले नव्हते. त्या दुपारी रडत, चुकत सगळं सांगितलं. त्यांना अर्धंमुर्धंच कळलं असेल, पण प्रत्येक वाक्याला त्या "हा, बेटा" म्हणत राहिल्या.