काशीरामच्या परातीतली कणीक

कांजूरमार्गच्या भजनी मंडळांत काशीराम परबांचा दरारा होता. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, त्यांचा पखवाज वाजायला लागला की समोरचा बुवा घाम पुसायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो पखवाज लेकीच्या, स्वरदाच्या पुढ्यात ठेवला. लोक म्हणाले, काय मोठं मन! मन कसलं डोंबलाचं.

कॉलेजातून आली की पोरगी चार तास एका बैठकीत रियाज करायची. "बाबा, मनगटात आग होतेय ओ."

"होऊंदे. हात तयार होतोय. पट्टी आवळ नि वाजव."

मुंग्या येतात म्हणाली, तरी उत्तर तेच. अहो, पोरीचा हात आहे की लोखंडाची कांब?

शेवटी आई, क्षमा, तिला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी कागदावर लिहून दिलं: सहा आठवडे पखवाज बंद. नंतर वीस मिनिटं वाजवून पाच मिनिटं थांबायचं. मुंग्या आल्या की तिथेच हात थांबवायचा. काशीरामांनी कागद वाचला आणि फळीवर डब्याखाली सरकवला. "रविवारी बारी आहे. बॅनरवर तिचं नाव लागलंय. तेवढी होऊंदे, मग बस म्हणावं आराम करत."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. ती मळायचं काम लहानपणापासून स्वरदाचं. रविवारी देवळामागच्या खोलीत तिने परात पुढ्यात घेतली. बोटं पिठात गेली आणि वळेचनात. तांब्या उचलायला गेली, तर तोही हातातून सुटला. तिला रडूच फुटलं.

"आण इकडे," म्हणत काशीरामांनी परात ओढली, पाणी घातलं, मळायला घेतलं. गोळा काही होईना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताठच्या ताठ. स्वरदा डोळे पुसायचं विसरून बघत राहिली.

"बाबा, तुमचापण हात गेलाय?"

काशीरामांनी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"मळताना बोटं वळेनात, त्याला आठ वर्षं झाली. वाजवणं दोन वर्षांपूर्वी सुटलं."

आठ वर्षांपूर्वीच त्यांनी कणीक मळायचं काम तिच्याकडे दिलं होतं. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि बाबांनी आपल्याला पखवाजाला हात लावू दिला म्हणून चाळभर नाचली होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तरी मला म्हणालात, हात तयार होतोय."

बाहेर माइकवर तिचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. काशीराम परातीतला चिखल चिवडत राहिले, आणि स्वरदा उठली नाही; मनगटावरची पट्टी दातांनी सोडू लागली.