पोरीच्या जागी तिचे बाबा

बी.कॉम. झाल्यावर दोन-तीन वर्षं मी बदलीवर नाच शिकवला. माझा स्वतःचा क्लास नव्हता. वर्ध्यात ज्या बाईंकडे मी लहानपणापासून शिकले, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनी जिल्ह्यात ठिकठिकाणी क्लास काढले होते. कोणी बाळंतपणाला माहेरी गेली, कोणाच्या घरी लग्न निघालं, की बाईंचा निरोप यायचा आणि मी पिशवीत घुंगरू नि कॅसेट टाकून एस.टी. पकडायची. बदलीवरच्या मास्तरणीकडे पोरी जरा संशयानंच बघतात. ‘आमच्या मॅडम असं नाही घेत’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत कानावर आलं नाही, असा एकही क्लास मला आठवत नाही.

सेलूच्या मॅडमचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला तिथे महिनाभर जावं लागलं. बुद्धविहारामागच्या समाजमंदिरात संध्याकाळी पाचला क्लास भरायचा. आठ मुली होत्या. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी कापूस वेचणाऱ्या बायांचा नाच बसवायचा होता. अर्धा मॅडमनी बसवलेला, अर्धा माझ्यावर सोडलेला.

दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी येईनाशी झाली. नऊ वर्षांची, पहिल्या रांगेतली. तिच्याऐवजी खाकी कपड्यांतला एक माणूस दारात उभा. वीज मंडळात लाइनमन होता.

“म्याडम, तिले कांजण्या निंगाल्या,” तो म्हणाला. “पंधरा दिवस तं घराबाहेर काढता येत नाई. थे रडून राह्यली, का माही जागा जाईन म्हणून. मंग म्या म्हटलं, तिच्या जागी मी शिकून घेतो अन् घरी तिले दाखवतो. चालन ना?”

“तुम्ही नाचणार?” मी विचारलं.

“काऊन? बाप आहो मी तिचा. अन् कांजण्याची भीती नोका ठेवू, मले लहानपणीच होऊन गेल्या.”

मला नाही म्हणता आलं नाही. त्यानं चपला काढल्या, पॅन्टचे पाय दुमडले आणि पोरीच्या जागेवर, पहिल्या रांगेत डावीकडून दुसरा, उभा राहिला. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. एक तर हसता हसता खालीच बसली. तो मात्र अगदी गंभीर. रोज खांबावर चढणारा माणूस, त्यामुळे गुडघे वाकवून बसणं त्याला मुलींपेक्षा सोपं जायचं. तालाचं मात्र अवघड होतं. पाय बरोबर पडला की हात चुकायचा. मग तो थांबायचा, खिशातून कागद काढून काहीतरी लिहायचा आणि पुन्हा सुरू करायचा. चौथ्या दिवशी मुलींचं हसणं बंद झालं. त्याचं चुकलं की शेजारची त्याचा हात धरून नीट करायची.

नाचात वेचणीचा भाग मी बसवला होता. फूल खुडावं तसा एक हात नाजूक वर न्यायचा, दुसरा कमरेवर. तो मी दाखवला तेव्हा त्यानं कान खाजवला.

“म्याडम, राग नोका मानू. कापूस असा नाई वेचत. दोन्ही हातानं वेचतेत, भराभर. बोंडाचे टोकं लागतेत बोटाले. अन् कमरेले ओटी बांधलेली असते, तिच्यात टाकतेत.”

त्यानं करून दाखवलं. मी वर्ध्याला कापूसबाजाराजवळ वाढले, कापसाच्या गाड्यांच्या रांगा रोज पाहिल्या. पण वेचणाऱ्या बाईचे हात कधी नीट पाहिले नव्हते. तो भाग मी बदलला. मुलींनाही तो आवडला.

कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना मॅडम बऱ्या होऊन परतल्या. पोरगीही तोवर बरी होऊन आली होती, चेहऱ्यावर डाग, पण सगळा नाच पाठ. मॅडमनी खुर्चीत बसून नाच पाहिला. वेचणीपाशी त्यांनी टेप बंद केला.

“हे कोणी बदललं?”

मी गप्प बसले. का, ते आजही सांगता येत नाही. त्यांचा क्लास होता आणि मी बदलीवरची, एवढंच डोक्यात होतं. दाराशी पोरीला न्यायला आलेला तो उभा होता. तोच म्हणाला, “थे माहं काम आहे, म्याडम. चुकलं असन तं काढून टाका.”

मी एस.टी. स्टँडवर आले. वर्ध्याची गाडी लागली, सुटली. मला चढवेना. परत फिरून मॅडमच्या घरी गेले आणि सांगितलं, की सुचवलं पोरीच्या बाबांनी, पण बसवलं मी, आणि मला ते बरोबर वाटलं होतं.

“मग तिथंच का नाही बोललीस?” त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, “उद्या बोलव त्यांना. पाहू दे मला.”

दुसऱ्या दिवशी तो बायकोसकट आला. सात पोरींसमोर पंधरा दिवस नाचलेला माणूस मॅडमसमोर मात्र लाजला, हातच उचलेना. शेवटी बायकोनं कडेवरचं लेकरू त्याच्याकडे दिलं, पदर खोचून ओटी केली आणि म्हणाली, “यायले काय इचारता? लग्नाच्या आंधी चार साल म्या वेचला.” तिचे हात असे चालले की मुली पाहतच राहिल्या. मॅडम उठल्या, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि ऑपरेशनचं विसरून तसंच करून पाहू लागल्या. तो भाग नाचात राहिला.

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी कार्यक्रम झाला. तो आला नव्हता. जवळच्या एका गावची डी.पी., म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि त्याला दुपारीच जावं लागलं. त्याची बायको माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मॅडमकडे राहिलेली कॅसेट आणायला गेले, तेव्हा तो मला सेलूच्या स्टँडवर भेटला. सायकल टेकवून उभा राहिला.

“घरच्यायनं सांगतलं, चांगला झाला म्हणून. पर त्याह्यले तं आपली पोरगी चांगलीच दिसन. तुमी सांगा.”

मी सुरुवातीपासून सांगू लागले. कोण कुठून आली, टाळ्या कुठे पडल्या. एका ठिकाणी त्याची पोरगी एकटीच उलटी फिरली, सात जणी इकडे आणि ही तिकडे, हे सांगायचं नव्हतं, पण बोलण्याच्या भरात सांगून बसले.

“मंग?” त्यानं घाईनं विचारलं. “रडली का?”

“नाही. तशीच हसत पुन्हा रांगेत आली.”

“हसली?” तो म्हणाला. आणि वर्ध्याची गाडी लागेपर्यंत त्यानं मला तेवढंच पुन्हा दोनदा सांगायला लावलं.